नोकरी सांभाळून ईशज्ञान : ठाण्यातील दोन वर्षांच्या वर्गाचा अनुभव

ठाण्यातील एका चर्चच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी भरणारा, प्रापंचिकांसाठीचा (म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्या सामान्य भाविकांसाठीचा) दोन वर्षांचा ईशज्ञानाचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम मी गेल्या मे महिन्यात पूर्ण केला. आयोजक संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत आणि उत्तर अजून यायचे आहे. नोकरी करून असा अभ्यास झेपेल का, असे मला अनेकांनी विचारले. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

मी रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. शनिवारी पहिली पाळी साडेतीनला सुटते. ट्रान्स-हार्बरची लोकल वेळेवर मिळाली तर पाचच्या वर्गाला आरामात पोचता येते. वर्ग अडीच तासांचा असतो आणि फी वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे आवाक्यातली आहे. येथे मिळते ते प्रमाणपत्र आहे, पदवी नव्हे, हे आधीच समजून घ्यावे. ईशज्ञानाची मान्यताप्राप्त पहिली पदवी पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठासारख्या संस्थेत, साधारणपणे दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि तीन वर्षे ईशज्ञान अशा क्रमाने मिळते, आणि पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला ते जवळजवळ अशक्य आहे. ‘प्रापंचिकांना हे कशाला हवे?’ असेही मला आमच्याच धर्मग्रामात (स्थानिक चर्चच्या परिसरात) ऐकावे लागले. १९८३ च्या कॅथलिक चर्च कायदासंहितेतील २२९ वे कलम प्रापंचिकांना असे शिक्षण घेण्याचा हक्क स्पष्टपणे देते, हे त्या वेळी मला ठाऊक नव्हते. ते मला याच वर्गात कळले.

या अभ्यासक्रमाचा खरा गाभा म्हणजे नव्या कराराचे वर्ग. योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायासाठी शिकवणाऱ्या फादरांनी एक अख्खी संध्याकाळ दिली. पुनरुत्थित प्रभू सरोवराच्या काठी शिष्यांसाठी न्याहारी तयार ठेवतो आणि मग पेत्र या शिष्याला तीनदा विचारतो, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस का?’ हा प्रसंग मी लहानपणापासून मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) ऐकत आले आहे. फादरांनी अर्थ सांगायला सुरुवात केली नाही. त्यांनी आम्हाला नवव्या वचनातील कोळशाच्या विस्तवावर बोट ठेवायला सांगितले आणि मग मागे जाऊन अठराव्या अध्यायाचे अठरावे वचन काढायला लावले. तेथे महायाजकाच्या अंगणात, थंडी आहे म्हणून चाकरांनी पेटवलेल्या विस्तवाशी पेत्र शेकत उभा आहे, आणि त्याच विस्तवाच्या आसपास तो प्रभूला तीनदा नाकारतो. मूळ ग्रीकमधला ‘आन्थ्राकिया’ हा शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. सभागृहात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. माझ्या शेजारच्या काकूंनी दोन्ही पानांमध्ये बोटे तशीच धरून ठेवली होती.

त्याच संध्याकाळी एकाने ‘आगापाओ’ आणि ‘फिलेओ’ या, प्रीती करणे अशाच अर्थाच्या दोन ग्रीक क्रियापदांचा प्रश्न काढला. प्रभू पहिल्या दोन प्रश्नांत एक क्रियापद वापरतो आणि तिसऱ्यात दुसरे, यावर प्रवचनांतून बरेच ऐकायला मिळते. फादरांनी याच शुभवर्तमानातील ३:३५ आणि ५:२० ही वचने शेजारी ठेवून दाखवली : पिता पुत्रावर प्रीती करतो, हेच वाक्य योहान एकदा एका आणि एकदा दुसऱ्या क्रियापदाने लिहितो, म्हणून निष्कर्षाची घाई करू नका, असे त्यांनी बजावले. प्रयोगशाळेत नमुना तपासताना आधी निरीक्षण नोंदवायचे आणि निष्कर्ष नंतर, ही शिस्त मला अठरा वर्षांची सवय आहे. पवित्र शास्त्रालाही तीच लागू पडते, हे कोणी इतक्या आदराने दाखवून देईल असे वाटले नव्हते. लेखकाने कोणता साहित्यप्रकार वापरला आहे हे पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६५ सालची शिकवण त्या दिवसापासून माझ्यासाठी केवळ परीक्षेचे उत्तर राहिली नाही.

दुसऱ्या वर्षातील ख्रिस्तविषयक सिद्धान्तांचे वर्गही चांगले झाले. ४५१ साली खाल्सेदोन येथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने ख्रिस्ताचे दैवी आणि मानवी स्वरूप सांगताना मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही, असे चार नकार वापरले. रहस्य शब्दांत पकडण्याऐवजी त्याच्याभोवती कुंपण घालण्याची ती रीत मला फार मोलाची वाटते. नीतिशास्त्राचे वर्ग मात्र ठीकठाक होते.

आता ज्याचे मला मनापासून वाईट वाटते ते. टिपणे, प्रश्नपत्रिका, निबंध, सगळे इंग्रजीत. पहिल्या वर्षी आम्ही ३१ जण होतो, शेवटी १४ उरलो. गेलेल्यांपैकी बहुतेक मराठी शाळेत शिकलेले होते. वीस वर्षे मुलांना मराठीतून धर्मशिक्षण देणाऱ्या एका बाईंचा निबंध केवळ मराठीत लिहिला म्हणून परत आला, आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले. या भाषेत ईशज्ञान मांडता येत नाही, असे म्हणायला जागाच नाही.

चर्चच्या इतिहासातही जवळचे ते असेच मागे पडले. रोम आणि नायसिया, ट्रेंट येथील परिषदा यांना सहा वर्ग मिळाले. आणि ज्या ठाण्यात आम्ही बसलो होतो तेथे १३२१ साली तोलेन्तिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती असे फ्रान्सिस्कन या संन्यासी संघाचे चार धर्मवीर मारले गेले, त्यांच्या अस्थी पुढे त्याच संघाचे प्रवासी पोर्देनोनेचे ओदोरिक यांनी थेट चीनपर्यंत नेल्या, याला एक वाक्य मिळाले. ठाण्याच्या तलावपाळीवरून रोज जाणाऱ्या माणसाला हे सांगायला एक वर्ग तरी हवा होता.

व्यवस्थेतील दोन उणिवा सहज सुधारता येण्यासारख्या आहेत. ग्रंथालय फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते एक उघडे असते, म्हणजे ज्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम आहे त्यांच्यापैकी कोणालाच ते वापरता येत नाही. वर्ग रद्द झाल्याचा निरोपही तीनदा दुपारी चारनंतर आला, तेव्हा मी गाडीत बसलेली होते.

इतके असूनही, इंग्रजी वाचनाची सवय असेल आणि आठवड्याला वर्गाशिवाय चार तास काढता येत असतील, तर जरूर प्रवेश घ्यावा. प्रवेश जूनमध्ये होतो आणि आपल्या धर्मग्रामातील फादरांचे पत्र लागते. पहिल्याच वर्गाला मराठी बायबलची दोन वेगवेगळी भाषांतरे सोबत न्यावीत. टिपणे इंग्रजीत असली तरी वाचन मराठीत करायला फादर कधी नाही म्हणत नाहीत.