डबल बासला तातेच्या तारा : दोन पावसाळ्यांनंतर

सारंगीला तात, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेली तार, लावतात हे माहीत होतं, तरी माझ्या डबल बासवर (व्हायोलिनसारखं दिसणारं, उभं राहून वाजवायचं मोठं खर्जाचं वाद्य) अकरा वर्षं पोलादी ताराच होत्या. अखेर जर्मनीच्या पिरास्ट्रो कंपनीचा 'कोर्डा' संच मागवला. यात वरच्या सुरांच्या 'जी' आणि 'डी' या तारा नुसत्या तातेच्या, तर 'ए' आणि 'ई' तातेवर धातूची तार गुंडाळलेल्या. पोलादी संचापेक्षा बराच महाग.

बसवताना घाई करू नका. तात जाड असते, त्यामुळे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतल्या आणि घोडीवरच्या खाचा कारागिराकडून रुंद करून घ्याव्या लागतात. पहिला आठवडा तारा नुसत्या ताणत राहतात. मी दर दहा मिनिटांनी खुंट्या पिळत होतो.

पण आवाज! बोटाने छेडली की आधी 'धप्' असा भरीव ठोका, मग उबदार सूर, आणि तो लवकर विझतो. जॅझमधल्या स्विंगच्या चालत्या ठेक्याला मला नेमकं हेच हवं होतं. पोलादी तार खूप वेळ गुंजत राहते. गजाला मात्र तात जरा उशिरा बोलते, हात बदलावा लागतो.

दादरच्या जुलैत तात हवेतला ओलावा पिते आणि सूर हलतो. कार्यक्रमाआधी अर्धा तास वाद्य मंचावर ठेवतो. 'जी' तारेवर बोटाखाली बारीक केसासारखे धागे सुटले, ते नखं कापायच्या कात्रीने मुळाशी छाटले, ओढले नाहीत. थेंबभर बदामतेल चोळलं.

गजानेच जास्त वाजवत असाल तर पोलादीच ठेवा. बोटाने वाजवणाऱ्यांनी हा खर्च जरूर करावा.