गिनेस ड्राफ्ट: डब्लिनमधल्या आठ महिन्यांनंतर

डब्लिनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात गिनेस ड्राफ्टचा, म्हणजे नळातून देतात त्या काळ्या आयरिश बिअरचा पाइंट (मोठा ग्लास) घेतला आणि मला तो अजिबात आवडला नाही. मुंबईत बर्फासारखी गार लागर, म्हणजे आपली नेहमीची सोनेरी बिअर, पिऊन जीभ तयार झालेली. आणि हे काळं, गॅस जवळपास नाहीच, म्हणावं तेवढं गारही नाही. आज आठ महिन्यांनी माझं मत पार बदललंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रंगावर जाऊ नका. एवढं काळं म्हणजे जड आणि कडक असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अल्कोहोल 4.2 टक्के, आपल्याकडच्या नेहमीच्या लागरपेक्षाही कमी. ग्लास उजेडात धरलात तर कडेला माणकासारखा गडद लाल दिसतो. हा रंग भाजलेल्या बार्लीचा. मुख्य बार्ली मोड आणून वाळवलेली असते, आपण नाचणी सत्त्वासाठी करतो तशी. पण थोडी बार्ली मोड न आणता थेट भाजून घालतात, आणि सगळी गंमत त्या थोडक्या बार्लीत आहे.

पहिला घोट फेसाखालून घ्या. नुसता फेस कडू लागतो. जिभेवर आधी सायीसारखा मऊपणा, मग कोरी कॉफी, मग जरासा आंबूसपणा, आणि शेवटी तव्यावर जास्तच खरपूस झालेल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव. गोडवा मागे रेंगाळत नाही, तोंड कोरडं आणि स्वच्छ होतं. ‘ड्राय’ म्हणतात ते हेच. हे कळायला मला दोन महिने लागले, कारण मी गार असतानाच घाईने संपवत होतो. पाइंट येतो साधारण 6 अंशांना, तेव्हा भाजकेपणा दबलेला असतो. अर्धा ग्लास प्यायला वीस मिनिटं लावा. मग कडू चॉकलेट वर येतं. उरलेला अर्धा पहिल्या अर्ध्यापेक्षा चांगला लागतो, असं मी दुसऱ्या कुठल्याही बिअरबद्दल म्हणणार नाही.

तो मऊपणा नायट्रोजनचा. 1959 पासून ही बिअर नायट्रोजन मिसळून नळातून देतात. त्याचे बुडबुडे फार बारीक असतात, म्हणून जीभ चुरचुरत नाही. ग्लास तिरका धरून पाऊण भरतात, बाजूला ठेवतात, मग वरचा भाग भरतात. मधल्या वेळात नीट बघा: काचेलगतचे बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात. मधले वर चढताना द्रव ओढून नेतात आणि तोच द्रव कडेने खाली उतरतो. मी अजूनही दरवेळी बघतो.

सगळीकडचा पाइंट सारखा नसतो. शहरातल्या एका गर्दीच्या पबमध्ये मला दोनदा शिळा, आंबट वास येणारा ग्लास मिळाला. नळ्या वेळेवर धुतल्या नसाव्यात. चांगल्या पाइंटची माझी खूण सोपी आहे: प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एकेक कडं उरलं पाहिजे.

घरी कॅन आणतो. आतल्या प्लॅस्टिकच्या गोळीत नायट्रोजन दाबून भरलेला असतो, झाकण उघडताच तो सुटतो आणि फेस धरतो. मऊपणा जवळपास तसाच येतो, पण चव पातळ वाटते. कॅन मात्र पूर्ण गार करूनच उघडा, नाहीतर सगळा फेस ओट्यावर. कॉर्क शहरात गेलो तेव्हा तिथली मर्फीज ही अशीच काळी बिअर प्यायलो. ती जास्त सौम्य, टॉफीकडे झुकणारी आहे. कडू नको असेल त्याने तिथून सुरुवात करावी. तिथलीच दुसरी काळी बिअर, बीमिश, मला त्याहून भाजकी लागली आणि जास्त आवडली.

अलीकडे मात्र मी बाटलीतल्या गिनेस एक्स्ट्रा स्टाउटकडे वळलोय (स्टाउट म्हणजे अशी काळी, भाजक्या चवीची बिअर). तिच्यात नायट्रोजन नाही, त्यामुळे फेस भराभर बसतो, पण ती करपट, कडसर चव थेट जिभेला भिडते. ड्राफ्ट आवडायला लागल्यावरच ती घ्या, आणि प्यायच्या अर्धा तास आधी फ्रिजमधून बाहेर काढून ठेवा.