पाऱ्याचा पॅसिव्ह सॅम्पलर: काब द रामजवळच्या सड्यावर एक वर्ष

हवेतील पारा मोजणारे पॅसिव्ह सॅम्पलर आम्ही गोव्याच्या काणकोण तालुक्यात, काब द रामजवळच्या समुद्राकडील एका उघड्या सड्यावर वर्षभर टांगले होते. तिथे वीज नसल्यामुळे, आर्गॉनच्या सिलिंडरवर चालणारे आणि दर पाच मिनिटांनी आकडा देणारे स्वयंचलित यंत्र बसवण्याचा विचार पहिल्याच फेरीत सोडून द्यावा लागला.

सॅम्पलर म्हणजे तोंड खाली असलेली पांढरी प्लास्टिकची बरणी. तिच्या आत सच्छिद्र नळी आणि नळीत सक्रिय कर्ब. पाऱ्याची वाफ विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, आत शिरून कर्बाला चिकटते, पंपाची गरज लागत नाही. टांगताना झाकण काढायचे, उतरवताना ते घट्ट लावून वर टेप गुंडाळायची, एवढेच काम. आषाढातल्या आडव्या पावसातही कर्ब कोरडा राहिला, याचे श्रेय बरणीच्या रचनेला द्यावे लागेल. सोबत आलेली पकड मात्र खाऱ्या हवेने दिवाळीपूर्वीच गंजली. मडगावात स्टेनलेस स्टीलची नवी घेतली.

खरी कसोटी लागते ती आकड्यांची. उत्तर गोलार्धात स्रोतांपासून दूरच्या हवेत दर घनमीटरमागे सुमारे १.५ नॅनोग्रॅम पारा असतो आणि हा सॅम्पलर दिवसाला साधारण ०.१ घनमीटर हवेतलाच पारा टिपतो, म्हणजे महिनाभरात कर्बावर जेमतेम साडेचार नॅनोग्रॅम जमतो. इतक्या अल्प मात्रेत बरणीचा, प्रवासाचा आणि हाताळणीचा पाराही मोजमापात मिसळू शकतो. म्हणून न उघडलेला एक सॅम्पलर ‘फील्ड ब्लँक’ म्हणून सोबत न्यावा लागतो, त्यात सापडलेला पारा मोजमापातून वजा करायचा असतो, आणि आम्ही महिन्याऐवजी तीन महिन्यांनी बरण्या उतरवल्या.

तक्रार आहे ती विश्लेषण करून देणाऱ्या प्रयोगशाळेबद्दल. पहिल्या अहवालात ब्लँक वजा केलेले अंतिम आकडे तेवढे आले. ब्लँकमध्ये किती पारा सापडला हे दोनदा पत्र पाठवल्यावर कळले. तो आकडा नसेल तर अंतिम आकड्यावर कितपत विसंबावे हे ठरवताच येत नाही.

दुसरी मर्यादा उपकरणाच्या स्वभावातलीच आहे. दिवसा खारे वारे समुद्राची हवा आणतात, रात्री मतलई वारे जमिनीवरची. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा, हिवाळ्यात बराचसा ईशान्येचा. तीन महिन्यांच्या सरासरीत ऋतूंमधला फरक दिसू शकतो, पण दिवस-रात्रीचा पुसला जातो. शिवाय समुद्र स्वतःही पारा हवेत सोडत असतो, त्यामुळे समुद्रावरून आलेली हवा म्हणजे पाराविरहित हवा, असे गृहीत धरता येत नाही. (मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, आमटीतला पारा हा वेगळा विषय: तो मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचे सेंद्रिय रूप, असतो आणि अन्नसाखळीतून येतो. गावात सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न मात्र तोच.)

पाऱ्याचे प्रदूषण रोखण्यासाठीच्या, भारताने २०१८मध्ये मान्यता दिलेल्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन अशाच मोजमापांवर अवलंबून आहे, आणि अनेक दुर्गम जागी एकाच वेळी मोजायचे असेल तर हे उपकरण मी निःसंकोच घेईन. एखाद्या दिवशी हवा अचानक का बिघडली हे शोधायचे असेल, तर घेणार नाही. पुढच्या खेपेच्या मागणीपत्रात ब्लँकचे मूळ आकडे अहवालासोबतच द्यावेत, ही अट आम्ही पहिल्याच ओळीत घातली आहे.