भिंतीवरचं क्लीनिंग स्टेशन: फळा कामाचा, तक्ता बिनकामाचा

ऑफिसात किंवा वर्कशॉपमध्ये भिंतीला लावायचे 'क्लीनिंग स्टेशन' नावाचे तयार संच मिळतात. एक फळा, त्यावर प्रत्येक वस्तूची छापलेली आकृती, हुकांना टांगलेला छोटा झाडू, सुपली, ब्रश, चार रंगांची मायक्रोफायबर फडकी, दोन स्प्रे बाटल्या आणि टिकमार्क करायचा तक्ता. हे लावलं की कर्मचारी आपली जागा आपणच साफ ठेवतील, असं विकणारे सांगतात. ठेवतात, पण त्याचं श्रेय संचातल्या निम्म्याच वस्तूंना जातं.

सगळ्यात उजवा आहे तो फळा. ब्रश परत टांगला नाही की त्याची रिकामी आकृती लांबूनच डोळ्यांत खुपते, कुणी कुणाला विचारायची वेळ येत नाही. जपानी कारखान्यांतल्या ५एस पद्धतीत (कामाची जागा नीटनेटकी आणि स्वच्छ ठेवायची पद्धत) असे फळे म्हणूनच वापरतात. घेताना दोन गोष्टी बघाव्यात. आकृती चिकटवलेल्या असतील तर ओल्या फडक्याखाली त्यांच्या कडा सुटतात, म्हणून थेट छापलेला फळा घ्यावा. आणि ब्रश केस खाली करून पण अधांतरी लटकला पाहिजे. केसांवर टेकून उभा राहिला की ते वाकतात आणि कोपऱ्यातली घाण निघत नाही.

जागा चुकली तर मात्र उत्तम फळाही वाया जातो. स्टोअररूममध्ये लावलेल्या संचाकडे कुणी फिरकत नाही. प्रिंटरशेजारी किंवा पॅन्ट्रीच्या दाराशी, उठून दहा-पंधरा पावलांत हात पोचेल असा लावावा. चहा सांडलेला माणूस फडक्यासाठी जिना उतरत नाही, तो टिश्यू पेपर टाकून निघून जातो.

फडक्यांच्या रंगांचा अर्थ बहुतेक ठिकाणी ठरलेला आहे: लाल संडासासाठी, पिवळा बेसिनसाठी, हिरवा पॅन्ट्रीसाठी, निळा टेबल-खुर्च्यांसाठी. पण संचात प्रत्येक रंगाचं एकच फडकं येतं, आणि पहिल्या धुण्याच्या दिवशीच पॅन्ट्रीत निळं फडकं फिरायला लागतं. प्रत्येक रंगाची किमान तीन हवीत: एक वापरात, एक धुण्यात, एक कोरडं. फडकं दोनदा दुमडलं की दोन्ही बाजू धरून आठ स्वच्छ घड्या मिळतात. एक मळली की पुढची. चुरगाळून पुसलं तर एका टेबलाची घाण दुसऱ्यावर जाते. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर तंतूंवर बसला की फडकं पाणी शोषत नाही. सुती कपड्यांबरोबरही धुऊ नये, त्यांचे धागे मायक्रोफायबरमध्ये अडकून बसतात.

बाटल्यांवर नाव लिहायला जागा आहे, हे चांगलं. एकीत सौम्य डिटर्जंटचं पाणी, दुसरीत साधं पाणी, एवढंच कर्मचाऱ्यांच्या हाती द्यावं. डिटर्जंट लेबलवरच्या प्रमाणापेक्षा जास्त घातलं तर टेबलावर चिकट थर राहतो आणि धूळ उलट लवकर बसते. "कालच पुसलं होतं" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. ब्लीच सफाई कर्मचाऱ्यांकडेच राहू द्यावं. ते संडासाच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. आणि फवारा फडक्यावर मारायचा, कीबोर्डवर किंवा स्क्रीनवर थेट नाही.

तक्ता हा संचातला सगळ्यात कच्चा भाग. पंधरा रकाने, रोजची सही. आठवड्याच्या शेवटी बघितलं तर पाचही दिवसांच्या टिका एकाच पेनाच्या, एकाच उताराच्या. त्याऐवजी तीनच कामं लिहावीत: निघताना टेबल मोकळं, कप धुतलेला, आपल्या खुर्चीखालचा कचरा उचललेला. सामाईक जागांसाठी आठवड्याला एक नाव. यासाठी पाच मिनिटं कामाच्या वेळेतच द्यायची; सुटीची वेळ झाल्यावर मागितली की सगळे बॅगा उचलतात. साहेबांचं टेबल ढिगाऱ्याखाली असेल तर फळ्यावरचा झाडू नवाच राहतो.

काही संचांबरोबर 'आठवड्याचं स्वच्छ टेबल' असा फिरता करंडकही येतो. तो नको. पंधरा दिवसांत लोक सगळा पसारा ड्रॉवरमध्ये कोंबायला शिकतात.

हाऊसकीपिंग असताना हे सगळं कशाला, हा प्रश्न येतोच. रोज येणारे सफाई कर्मचारी फरशी आणि संडास बघतात, पण कुणाच्या कागदांना हात लावत नाहीत. त्यामुळे धूळ साचते ती नेमकी फायलींभोवती आणि मॉनिटरच्या पायाशी. ती टेबलाच्या मालकालाच काढावी लागते. पुसता पुसता सैल झालेला प्लग किंवा तेल गळणारा नटही त्यालाच आधी दिसतो.

संच घ्यायचाच असेल तर फळा, ब्रश आणि सुपली यांच्यासाठी घ्यावा, फडकी वेगळी जास्तीची आणावीत. बाटलीवर एक-तृतीयांश उंचीला मार्करने रेघ मारावी आणि रेघेखाली पाणी गेलं की कुणी भरायचं त्याचं नाव फळ्यावरच लिहावं. रिकामी बाटली दोन दिवस टांगलेली राहिली की तिसऱ्या दिवशी फडक्यालाही कुणी हात लावत नाही.