चंदेरी आपत्कालीन ब्लँकेट : पोकळीत चोख, गडावर अर्धेच

थंडीतल्या मुक्कामी ट्रेकसाठी सॅकचे वजन कमी करावे, या हेतूने मी गेल्या डिसेंबरात दीडशे रुपयांना एक चंदेरी आपत्कालीन ब्लँकेट विकत घेतले. घडी मुठीत मावणारी, वजन घरच्या काट्यावर ५५ ग्रॅम आणि उलगडल्यावर साधारण सात फूट लांबी. वेष्टनावर दोन दावे छापले होते : हे अंतराळ तंत्रज्ञान आहे, आणि ते शरीराची ९० टक्के उष्णता राखते.

पहिला दावा खरा आहे. अतिशय पातळ प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमच्या वाफेचा थर चढवलेले हे साहित्य नासाच्या मार्शल केंद्राने १९६४ मध्ये अंतराळयानांसाठी विकसित केले. मे १९७३ मध्ये उड्डाण करतानाच स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाचे संरक्षक आवरण निखळले आणि आतला भाग तापू लागला, तेव्हा पहिल्या अंतराळवीरांनी तिथे पोहोचून जे छत्र उघडले, त्यातही ॲल्युमिनियमचा थर दिलेले मायलर, म्हणजे असेच पातळ प्लॅस्टिक होते. आपल्या उपग्रहांवर दिसणारे सोनेरी वेष्टनही याच कुळातले. तो सोन्याचा मुलामा आहे असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात रंग पिवळसर प्लॅस्टिकचा आणि चकाकी त्यामागच्या ॲल्युमिनियमची असते.

दुसऱ्या दाव्यात मात्र मेख आहे. हा पडदा आरशासारखा परतवतो ती केवळ प्रारणाने, म्हणजे अदृश्य किरणांच्या रूपात बाहेर पडणारी उष्णता, आणि ते टक्केही तिचेच. अंतराळात हवा नसल्याने उष्णतेला यानातून निसटायला प्रारणावाचून वाटच नसते, म्हणून तिथे एवढे पुरते. हरिश्चंद्रगडावर खाली कातळ असतो, वर कोकणकड्याकडून येणारा वारा असतो आणि माणसाला घामही येतो. पाचनईमार्गे चढून गेल्यावर त्या रात्री मी हे ब्लँकेट अंगाभोवती गुंडाळून थेट कातळावर आडवा झालो, तेव्हा तासाभरात पाठ गारठली, कारण कातळाला टेकलेल्या पाठीतली उष्णता वहनाने सरळ खाली जात होती आणि मधला पातळ पडदा त्याला काहीच अटकाव करत नव्हता. मग खाली सोबत्याची जास्तीची कॅरीमॅट घेतली, अंगावर साधी चादर ओढली आणि तिच्यावर हे ब्लँकेट सैलसर पसरून कडा सॅकखाली दाबल्या. वारा अडला, मध्ये हवेचा थर राहिला आणि पंधरा-वीस मिनिटांत ऊब जाणवू लागली. चादरीवर एरवी एक जाड रग घेतला असता, तेवढा तरी फरक नक्की पडला.

पहाटे आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते आणि चादर ओलसर झाली होती. प्लॅस्टिकमधून वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे हा दोष कोणत्याही कंपनीच्या ब्लँकेटमध्ये राहणारच. दर कुशीगणिक होणारी चुरचुर शेजाऱ्यांची झोप मोडते, हेही आधी सांगितलेले बरे. उतरताना एक टोक करवंदीच्या काट्यात अडकले आणि तिथून सुरू झालेली चीर क्षणात मधोमध धावली. मूळ घडी परत घालणे तर मला एकदाही जमले नाही.

एखादा जखमी किंवा भिजून काकडलेला सोबती मदत येईपर्यंत उबेत ठेवायचा असेल, तर एवढ्या किमतीत आणि वजनात याहून उपयुक्त वस्तू माझ्या माहितीत नाही. प्रथमोपचाराच्या पिशवीत दोन नग ठेवावेत आणि अंथरायला काहीतरी वेगळे न्यावे. स्लीपिंग बॅगला पर्याय म्हणून मात्र मी ते घेणार नाही. फाटलेला अर्धा तुकडा एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर चकाकी बाहेर ठेवून चिकटवला आहे. खोलीत दुपारी दिवा लावावा लागतो, पण पलंगावर पडणारे ऊन पूर्ण थांबले आहे.