सरकारी पॅकेजच्या नावाने ४४,६७९ रुपये गेले

विमान कंपनी बंद पडली आणि आमची इंदूर-दिल्ली-श्रीनगरची चार तिकिटं अडकली, ४१,८६० रुपयांची. तो फटका सोसला. त्यानंतर जे झालं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

रविवारी दुपारी फोन आला. "सर, सरकार का पॅकेज पास हो गया है, पहले पॅसेंजर का रिफंड दे रहे हैं." पीएनआर, चौघांची नावं, रक्कम, सगळं त्याने बिनचूक सांगितलं. विश्वास कसा बसणार नाही? कंपनीविरुद्ध तक्रार करताना तिकिटाचा फोटो सोशल मीडियावर मीच टाकला होता, हे नंतर लक्षात आलं. असले फोटो टाकू नका!

मी अडाणी नाही, रोज पेपर वाचतो. एअर इंडियासाठी २०१२ मध्ये ३०,२३१ कोटींची सरकारी मदतीची योजना मंजूर झाली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने विमान कंपन्यांना सरकारी हमीवर मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा १,५०० कोटींपर्यंत नेली. हे डोक्यात होतं, म्हणून वाटलं, असेल. पण ती हमी कर्ज देणाऱ्या बँकेला असते, प्रवाशाला नाही. जेट एअरवेजला बँकांनी तातडीचे ४०० कोटी नाकारले आणि १७ एप्रिल २०१९ ला उड्डाणं थांबली, तेव्हा प्रवाशांना कुठलं पॅकेज मिळालं होतं?

पहिल्याच पेमेंटला सावध व्हायला हवं होतं. 'फाइल चार्ज' १,१८० रुपये, म्हणजे हजारावर अठरा टक्के जीएसटी. हिशेब इतका चोख! पण पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव आलं एका मोबाइल दुकानाचं. बायको म्हणाली, "अहो, हे कुणाचं नाव?" मी तिलाच गप्प केलं. ते अजून सलतं. मग ४,९९९ 'डिपॉझिट'. मग 'रिफंड दिसेल' म्हणून एक ॲप घ्यायला लावलं आणि ३८,५०० गेले. पैसे यायला पिन लागत नाही हो, कधीच नाही.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लागायला पंचवीस मिनिटं गेली. लागेपर्यंत लावत राहा. बँक म्हणाली, पिन तुमचाच, आम्ही काय करणार? पोलीस ठाण्याने सायबर सेलला पाठवलं, सायबर सेलने परत ठाण्यात. प्रत्येक ठिकाणी नवा अर्ज, नव्या झेरॉक्स. माझी अर्ध्या दिवसाची रजा तीनदा गेली. ज्या खात्यात पैसे गेले त्याचा नंबर मी स्वतः लिहून दिला, तरी ते वेळेत कुणी गोठवलं नाही.

दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीकडे दावा करायला फी लागत नाही. तिकीट क्रेडिट कार्डावर काढलं असेल तर आधी कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागा.

तिसऱ्या फेरीला साहेबांनी पुन्हा तेच विचारलं, "आपने पिन डाला क्यों?" अहो, फसलो म्हणूनच तुमच्या दारात उभा आहे ना!