दिल्ली पासिंगची ‘4 लाख 45 हजार’ची गाडी मला 5 लाख 64 हजारांना पडली

सेकंडहँड गाडी घ्यायचा विचार असेल आणि जाहिरातीतला आकडा बघून तुम्ही पतसंस्थेत कर्जाचा अर्ज भरायला निघाला असाल, तर आधी हे वाचा. मी साताऱ्यात शिक्षक आहे. आबांचे दोन्ही गुडघे गेले, एसटीच्या पायऱ्या चढणं बंद झालं आणि दर महिन्याला पुण्याला दवाखान्याची फेरी सुरू झाली, म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. सगळं धरून बजेट पाच लाख. त्याच्या वर एक रुपया नाही, असं घरात बोलून ठेवलं होतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये मोबाइलवर जाहिरात दिसली. 2018 ची पेट्रोल सेडान, सिंगल ओनर, पन्नास हजार किलोमीटर, ‘पेपर क्लिअर, फक्त नावावर करायची’, किंमत 4,45,000. तशीच गाडी साताऱ्यात आमच्याच कॉलनीत एक जण विकत होते, एमएच 11 पासिंगची. ते 5 लाख 20 हजारांच्या खाली यायला तयार नव्हते. पंचाहत्तर हजारांचा फरक दिसला आणि मी जाहिरातीतली गाडी बघायला पुण्याला गेलो.

गाडी खरंच चांगली होती, आजही आहे. इंजिनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नंबरप्लेट डीएलची होती. मी विचारलं तर विक्रेता म्हणाला, “सर, दिल्लीच्या गाड्या स्वस्त पडतात, म्हणून तर हा रेट. एनओसी हातात आहे. बाकी आमचा माणूस करून देतो.” एनओसीची, म्हणजे दिल्लीच्या आरटीओच्या ना हरकत प्रमाणपत्राची, झेरॉक्स दाखवली. गाडी धरून ठेवायला 11 हजार टोकन मागितलं, तेही परत न मिळणारं. मी दिलं. माझी चूक तिथेच झाली, कारण टोकन दिल्यावर माणूस प्रश्न कमी विचारतो. दिलेले पैसे बुडतील या भीतीने पुढची प्रत्येक गोष्ट मान्य करत जातो.

टोकन वजा करून उरलेले पैसे द्यायला गेलो तेव्हा 4,500 ‘फाइल चार्ज’ निघाला आणि 22,000 ‘आरटीओ खर्च’. त्याची पावती लेटरहेडवर नाही, साध्या कागदावर. मी स्पष्ट विचारलं होतं की या बावीस हजारात एमएचचा नंबर मिळेल ना? तो म्हणाला, “मिळेल की. आणि घाई कसली, एक वर्ष दुसऱ्या राज्याच्या नंबरवर चालतं.”

हे अर्धं खरं होतं, म्हणूनच घातक होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती दुसऱ्या राज्यातली गाडी इथे आणली तर तिला इथला नंबर कधीपर्यंत घ्यायचा, याबद्दल. मालकी बदलल्यावर घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. ते कलम 50, आणि तिथे वर्षाची मुभा नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही शोधलं नाही.

दीड महिना ‘फाइल टाकलीय’, ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकल्यावर मी स्वतःच साताऱ्याच्या आरटीओत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी एनओसी बघितली आणि म्हणाल्या, “सर, ही पुण्यासाठी आहे. तुमचा पत्ता साताऱ्याचा.” एनओसी कोणत्या कार्यालयासाठी हे त्या कागदावरच लिहिलेलं असतं. माझ्या एनओसीवर एमएच 12 म्हणजे पुणे होतं, मला हवं होतं एमएच 11 म्हणजे सातारा. म्हणजे पुन्हा दिल्ली. विक्रेत्याने हात वर केले, “ते आमच्या हातात नाही, दिल्लीचा एजंट साडेनऊ हजार घेतो.” दिले.

त्यानंतर कळली सगळ्यात मोठी गोष्ट: टॅक्स. दिल्लीत सहा ते दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 7 टक्के. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के. बाहेरच्या राज्यातली गाडी इथे नोंदवायची तर इथला टॅक्स भरावाच लागतो, आणि तो तुम्ही दिलेल्या 4 लाख 45 हजारांवर लागत नाही. गाडी नवी असतानाच्या किमतीवरून हिशोब होतो, त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे सूट मिळते. माझी गाडी नवी होती तेव्हा तिची किंमत नऊ लाखांच्या वर होती. उशिराच्या व्याजासह मला 66,400 रुपये भरावे लागले. दिल्लीत आधी भरलेल्या टॅक्सचा काही परतावा मिळतो, असं विक्रेत्याने मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. तो अर्ज ज्याने टॅक्स भरला त्या पहिल्या मालकाने करायचा असतो. मला त्यातला छदामही मिळाला नाही.

दिल्लीची गाडी स्वस्त का दिसते, ते इथे समजून घ्या. मी गाडी घेतली तेव्हा तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध होते. राष्ट्रीय हरित लवादाने ते घातले आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केले; 2025 मध्ये त्याच न्यायालयाने ते शिथिल केले. त्यामुळे तिथला मालक गाडी लवकर विकायचा. शिवाय मुळात टॅक्स कमी भरलेला असतो. जाहिरातीत दिसणारी स्वस्ताई म्हणजे बऱ्याच अंशी महाराष्ट्राचा अजून न भरलेला टॅक्स असतो. तो कधीतरी कुणीतरी भरायचाच आहे, आणि तो कुणीतरी म्हणजे घेणारा.

विम्याचंही असंच. जाहिरातीत ‘इन्शुरन्स चालू’ होतं. विमा होता, पण फक्त थर्ड पार्टीचा आणि पहिल्या मालकाच्या नावावर. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. नवीन पॉलिसीला 14,200 गेले.

पैशांपेक्षा जास्त त्रास मला ओटीपीने दिला. मालकी बदलाचे सह्या केलेले फॉर्म 29 आणि 30 विक्रेत्याने दिले होते, खरेदीदाराची जागा कोरी ठेवून. पण ऑनलाइन अर्जाला ओटीपी जातो तो नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर. तो गृहस्थ दिल्लीत. त्याने गाडी कुणाला विकली, त्याने पुढे कुणाला, मधे किती हात झाले, देव जाणे. खूप खटपट करून नंबर मिळाला, माझ्या मोडक्या हिंदीत बोललो. तो माणूस घाबरलेलाच होता. “भाईसाहब, मुझे तो बोला था कि नाम बदल गया,” म्हणाला. नऊ महिने त्याच्या नावावरची गाडी अनोळखी माणसं चालवत होती. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते, गाडी कधीच विकलेली असली तरी. त्याने लगेच ओटीपी दिला. फसवला गेलेला मी एकटा नव्हतो, हे त्या फोनवर मला उमगलं. तुम्ही गाडी विकणारे असाल तर तुम्हीही लक्षात ठेवा, व्यापाऱ्याला चावी दिली म्हणजे गाडी गेली असं नाही.

नंतर इथल्या नंबरसाठीचा फॉर्म 27, निरीक्षकांसमोर गाडी, चेसिस नंबरचा ठसा, नवी नंबरप्लेट, यात आणखी 2,900. ऑगस्ट 2025 मध्ये माझ्या नावाचं आरसी आलं. वहीत हिशोब मांडला: 4,45,000 ची गाडी 5,64,500 ला. एक लाख 19 हजार 500 जास्त. कॉलनीतली ती एमएच 11 गाडी ट्रान्सफर आणि विम्यासकट 5 लाख 40 हजारांच्या आतच बसली असती. वरचे पैसे पत्नीच्या भिशीतून आणि उसनवारीतून उभे केले. ती उसनवारी अजून फिटलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या गाडीच्या जाहिरातीत एकच आकडा असावा: घेणाऱ्याच्या नावावर, त्याच्या जिल्ह्याच्या नंबरसह, टॅक्स भरून गाडी दारात येईपर्यंतचा. मेलबर्नला माझी मावसबहीण आहे. तिने सांगितलं की तिथे विक्रेत्याने टॅक्स आणि सक्तीचे खर्च धरून एकूण किंमत दाखवायची, असा कायदाच आहे. आपल्याकडे नव्या गाडीला शोरूमवाले ‘एक्स शोरूम’ आणि ‘ऑन रोड’ असे दोन आकडे तरी देतात. जुन्या गाडीला पहिलाच आकडा देतात, दुसरा तुम्ही अडकल्यावर तुकड्यातुकड्यांनी कळतो. ‘प्रत्येक गिऱ्हाइकाचा आरटीओ वेगळा, मग आधी कसं सांगणार?’ असं व्यापारी म्हणतात. मग जाहिरातीत ‘दिल्ली पासिंग, एमएच टॅक्स वेगळा, अंदाजे इतका’ एवढी एक ओळ लिहायला काय जातं?

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. बावीस हजारांची साध्या कागदावरची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं ‘फक्त नावावर करायची’ हे वाक्य, दोन्ही जोडलं. महिन्याभरात ते बावीस हजार परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 2019 च्या कायद्यामुळे ती आपण राहतो तिथे, म्हणजे साताऱ्यातच करता आली, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याच कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं त्यात येतं. निकाल लागायचा आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवा. माझ्याकडे तो नशिबाने राहिला, कारण मी तो मेव्हण्याला पाठवला होता.

आणखी एक विचारायचं: ‘तुमच्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का?’ 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी हा नियम आहे. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी दिली की त्याची नोंद पोर्टलवर होते, विकेपर्यंत तोच मालक मानला जातो आणि एनओसी, ट्रान्सफरचे अर्ज तो स्वतः करू शकतो. म्हणजे दिल्लीतल्या अनोळखी माणसाचा ओटीपी शोधत फिरावं लागत नाही. मी ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे ते प्रमाणपत्र नव्हतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या पोराने अशीच एक जाहिरात दाखवली, 5,35,000 ची, तीही बाहेरच्या पासिंगची. टोकन पाठवायला मोबाइल हातातच होता. मी म्हटलं, थांब, रविवारी मी येतो. दुकानात जाऊन एवढंच सांगितलं की एमएच 11 नंबर, टॅक्स, ट्रान्सफर, सगळं धरून आकडा लेटरहेडवर लिहून सही करून द्या, मग टोकन. त्याने आधी हसण्यावारी नेलं. मग आत जाऊन कुणाला तरी फोन केला, कॅल्क्युलेटर घेतला आणि दहा मिनिटांत लिहून दिलं: 6,10,000. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि आम्ही साताऱ्याला परत आलो.